उद्धवरावांचा गुरुवार

आमच्या कंपनीची बस सांगवीहून सुटते, भोसरी-मोशी करत कुरुळी फाट्याला थांबते आणि चाकणच्या गर्दीतून वाट काढत महाळुंग्याला पोहोचते. ती बस उद्धवराव शिनगारे चालवतात. मी डिस्पॅचमध्ये आहे. दाराजवळची पहिली सीट माझी; म्हणजे कुणी लिहून दिलेली नाही, पण तिथं दुसरं कुणी बसत नाही. तिथून गेली कित्येक वर्षं रोज दोनदा मला उद्धवरावांचा डावा कान, डावा खांदा आणि आरशातला अर्धा चेहरा दिसतो. बोलणं मात्र त्यांचं पूर्ण ऐकू येतं, कारण इंजिन चालू झाल्यापासून बंद होईपर्यंत ते बोलत असतात.

मूळचे ते लातूरकडचे, औसा तालुक्यातले. तरुणपणी ट्रकवर क्लीनर म्हणून या भागात आले, ट्रक शिकले, मग बस मिळाली आणि बसवरच थांबले. कुरुळीत एक गुंठा जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. मुलगी लग्न होऊन लातूरला गेली. आता घरात ते आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई. पन्नाशी ओलांडलेले उद्धवराव अंगानं चांगले भरलेले. वळण घेताना पोट स्टिअरिंगला लागायचं, तेव्हा म्हणायचे, "हा माझा तिसरा हात हाय."

सायकलवाल्यांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "सायकलवाला म्हंजे मेंढरू. हॉर्न दिला की आपोआप कडंला जातंय." आणि खरंच, आमच्या बसचा हॉर्न ऐकून कडेला मातीत उतरलेले सायकलवाले मी रोज पाहत होते.

मागच्या वर्षी मार्चमध्ये कंपनीत सुरक्षा सप्ताह झाला. वीस वर्षांत एकही अपघात न केलेला ड्रायव्हर म्हणून उद्धवरावांचा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला आणि एक गिअरची सायकल मिळाली. ती ढकलत ते मंडपातून बसपाशी आले आणि मला म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं बस नीट चालवली म्हणून सायकल द्यायलेत. ही बढती म्हणायची का उतरती?"

सायकल कुरुळीला गेली आणि सावित्रीबाई तिच्यावर टॉवेल वाळत घालू लागल्या.

आता गुरुवारचं सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. पण उद्धवरावांचा गुरुवार नुसता सुट्टीचा नव्हता. पहिल्यांदा बस हातात आली तेव्हा ते सावित्रीबाईंना घेऊन गाणगापूरला गेले होते आणि दत्तापुढं नवस बोलले होते, माझ्या गाडीखाली कुणी येऊ देऊ नको, मी जन्मभर गुरुवार धरीन. तेव्हापासून दर गुरुवारी दिवसभर फक्त चहा आणि पाणी, संध्याकाळी घरी आरती, आणि मग जेवण. सत्काराच्या दिवशी सगळ्यांनी त्यांच्या हाताचं कौतुक केलं, पण त्यांना स्वतःला पक्कं माहीत होतं की त्या वीस वर्षांचं श्रेय कुणाचं आहे.

अशाच एका गुरुवारी आरतीसाठी हार आणायचा होता आणि त्यांची मोपेड सुरू होईना. टॉवेल काढून उद्धवराव सायकलवर बसले आणि चाकणला गेले. हार घेऊन परत आले आणि दारातल्या पायरीवरच बसले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, "इतकी वर्षं कुरुळीत राहतो मी. फाट्यापासून गावापतोर चढ हाय, हे मला काल कळलं."

पुढच्या गुरुवारी मोपेड दुरुस्त झाली होती, तरी ते सायकलवरच गेले. त्याच्या पुढच्या गुरुवारी आळंदीला. पावसाळ्यात खंड पडला, दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं. पोट अजून होतं, पण वळणावर ते स्टिअरिंगला लागेनासं झालं.

याच रस्त्यावर त्यांना दिपाली भेटली. तशी ती रोजच भेटायची, कारण ती कुरुळी फाट्यावर आमच्याच बसमध्ये चढते. कुरुळीच्या जुन्या शेतकरी घरातली, तिशीच्या आसपासची, वायरिंगच्या लाइनवर काम करणारी. शाळेत असताना धावायची. नोकरी लागल्यावर तिनं जुनी पण चांगली, बारीक टायरची सायकल घेतली. सायकलचे ग्रुप सगळे रविवारी निघतात आणि हिची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे ती एकटीच फिरायची. उद्धवरावांना चढावर धापा टाकताना पाहून ती एकदा थांबली.

"काका, गिअर हलका करा की."

"गिअरचं मला सांगू नगं," उद्धवराव म्हणाले. "बसला बी असतात. दुसरं काय सांगायचं ते सांग."

दिपालीनं मला हे हसत सांगितलं. "मॅडम, खरंच, गिअर सोडून सगळं सांगावं लागलं."

तिच्या डोक्यात एक राइड होती. दोनशे किलोमीटर. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर पुरे करायचे आणि वाटेत ठरलेल्या ठिकाणी शिक्का घ्यायचा, एवढंच. दिपालीनं ती एकदा करून पाहिली होती. सुरुवातीला पुढच्या पोरांच्या नादी लागून जोरात गेली आणि अर्ध्यावर पाय आखडून घरी आली. यंदा एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा करायची होती, आणि या वेळी बरोबर कुणीतरी सावकाश जाणारं हवं होतं. उद्धवरावांइतकं सावकाश जाणारं तिच्या पाहण्यात दुसरं कुणी नव्हतं.

उद्धवराव लगेच हो म्हणाले. "दोनशे म्हंजे काय. बसनं मी एवढं दोन दिवसांत करतोच की, चाळीस माणसं घिऊन."

त्यासाठी आधी एक लांबची सरावाची राइड करायची ठरली. चाकणहून शिक्रापूर, तिथून नगर रस्त्यानं रांजणगाव, पुढं शिरूर आणि परत. मार्चचा पहिला आठवडा होता. गुरुवार होता. उपासाबद्दल उद्धवरावांनी दिपालीला काही सांगितलं नाही आणि सायकलवर किती लांब जातोय हे सावित्रीबाईंना सांगितलं नाही. "जरा शिक्रापूरकडं जाऊन येतो," एवढंच म्हणाले.

सकाळ फार छान होती. शिक्रापूरच्या रस्त्याला कंटेनर ओळीनं उभे होते, ड्रायव्हर टपावर पांघरूण घेऊन झोपलेले. गार हवा, दोन्ही बाजूला कांदा, मध्येच उसाचा हिरवा पट्टा. उद्धवराव बसमध्ये बोलतात तसे सायकलवर बोलत होते. कुठल्या वळणावर कुठला ट्रक कधी उलटला, कुठल्या ढाब्याचा मालक कुणाचा जावई, सगळं. शिक्रापूर कधी आलं कळलं नाही. नगर रस्त्याला लागल्यावर तर सायकल आपोआप पळू लागली.

"दिपाली, बघायलीस का? पाय तयार झाले आपले."

हवा पाठीमागून आहे हे दिपालीच्या ध्यानात आलं होतं, पण सकाळी सकाळी माणसाचा उत्साह कशाला घालवायचा, असं तिला वाटलं.

रांजणगावला त्यांनी गणपतीचं दर्शन घेतलं. बाहेर येऊन दिपालीनं मिसळ मागवली, वर दोन केळी खाल्ली. उद्धवरावांनी चहा घेतला.

"काका, खावा काहीतरी."

"घरून दाबून खाल्लंय."

ती पुन्हा म्हणाली, तेव्हा त्यांनी आणखी एक चहा घेतला आणि विषय बदलला. शिरूरच्या अलीकडेही तेच झालं. घोड नदीच्या पुलावर दोघांनी फोटो काढला आणि सायकली वळवल्या.

वळवल्याबरोबर समोरून वारा आला. तो सकाळपासूनच होता, फक्त तोंडावर आता आला. शिवाय ऊन वर चढलं होतं आणि नगर रस्त्याला गाड्या वाढल्या होत्या. दिपालीनं सांगितलं, "काका, माझ्या मागच्या चाकाला चिकटून या. वारा मी खाते, तुमाला कमी लागंल."

उद्धवरावांना ते पटेना. "बाईमाणसाच्या मागं असं चिकटून जाणं बरं दिसतंय का? रस्त्यानं समदी ओळखीची ड्रायव्हर मंडळी येत्यात-जात्यात."

"मग तुमी पुढं व्हा, मी मागं येते."

झालं, उद्धवराव पुढं झाले आणि सगळा वारा एकटे खात राहिले.

रांजणगाव मागं गेलं तोवर त्यांचं बोलणं बंद झालं होतं. शिक्रापूरला दिपालीनं थांबू का विचारलं, तर ते तिच्यावर खेकसले. नंतर मला म्हणाले, "मॅडम, आयुष्यात मी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. पण तेव्हा मला तिची सायकल आवडंना, तिचं हेल्मेट आवडंना, काहीच आवडंना." चाकणच्या रस्त्याला लागल्यावर त्यांना रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा दोन-दोन दिसू लागला. बहुळच्या अलीकडे एक बाभळीचं झाड होतं. उद्धवरावांनी ब्रेक मारला नाही, हात दाखवला नाही. सायकल सावकाश रस्त्याखाली उतरली, मातीत थांबली, आणि ते तिच्यासकट आडवे झाले.

दिपाली धावत आली. लागलं कुठंच नव्हतं. तिनं त्यांना सावलीत बसवलं, तोंडावर पाणी मारलं. हात गार पडले होते.

"काका, सकाळपास्नं खाल्लंय काय तुमी? खरं सांगा."

उद्धवरावांनी खरं सांगितलं. तिच्या बॅगेत शेंगदाणा-गुळाचे लाडू होते. तिनं एक त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तसाच परत तिच्या हातावर ठेवला.

"काका, चक्कर दत्ताला आली न्हाई. तुमाला आलीय."

"वीस वर्षं झाली, पोरी. एक गुरुवार मोडला न्हाई. उद्या पुन्हा चाळीस माणसं बसणार हायत माझ्या मागं. त्यात तू बी असणार हायस."

दिपालीनं लाडू बॅगेत ठेवला. ती म्हणते, ऐकल्याबरोबर तिला हा उपास म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटला होता; पण ज्या माणसाला हात वर उचलवत नव्हता तो आमच्या सगळ्यांच्या जिवाची काळजी करत होता, हे पाहून तिनं लाडूचा आग्रह सोडला.

तेवढ्यात ओळखीचा हॉर्न वाजला. उद्धवरावांचा जुना दोस्त सोपानराव. तोही बसवरच आहे, दुसऱ्या कंपनीत, आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाची वऱ्हाडं पोहोचवतो. शिक्रापूरला एक वऱ्हाड सोडून रिकामी गाडी घेऊन तो परत चालला होता.

"काय रे उद्धव, बाभळीखाली समाधी घेतली का?"

एरवी उद्धवरावांनी याला तीन उत्तरं दिली असती. त्या दिवशी ते नुसते उठले आणि बसच्या पायरीवर चढले. सायकल मागच्या दारानं आत घेतली. दिपाली मात्र बसमध्ये आली नाही. "मी पुरी करते," म्हणाली आणि ते लोक सायकल चढवत असतानाच पुढं निघाली.

उद्धवराव डाव्या बाजूच्या खिडकीत बसले, वऱ्हाडाच्या अक्षता अजून सीटवर पडलेल्या होत्या त्या झटकून. थोड्या वेळानं पुढं दिपालीची पाठ दिसली. सोपानरावानं लांबूनच हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. समोरून टँकर येत होता. बस दिपालीच्या अगदी खांद्याजवळून गेली. खिडकीतून उद्धवरावांना ती दिसली ती हात टाकला तर लागेल एवढ्या अंतरावर. सायकल हेलपाटली, चाक मातीत उतरलं, तिनं कशीबशी सावरली आणि बस पुढं निघून गेली.

"सोपान, अंग काढून घ्यायचं की जरा."

"कुणापास्नं? सायकलवालीपास्नं?" सोपानराव हसला. "तूच शिकवलंस मला. हॉर्न दिला की आपोआप कडंला जातंय."

उद्धवराव खिडकीतून मागं वळून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला आम्ही बसमध्ये चढलो तेव्हा ही बातमी आमच्या आधी चढलेली होती. सोपानरावानं फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर सगळं सांगितलं होतं. "उद्धवराव, काल तिकीट काढलं का?" "उद्धवराव, सायकलला हाफ का फुल?" मागून असं चाललं होतं. उद्धवरावांनी आरशात पाहिलं, थोडं हसले, गाडी गिअरमध्ये टाकली. मोशीच्या पुढं एक दूधवाला सायकलवर चालला होता. उद्धवरावांनी हॉर्न दिला नाही. मागं राहिले, समोरून रस्ता मोकळा झाला तसे त्याला भरपूर जागा सोडून पुढं काढली. दाराजवळच्या सीटवरून मला तो दूधवाला पहिल्यांदाच इतका लांब दिसला.

सावित्रीबाईंना मात्र ही गोष्ट टपरीवरून कळली नाही. त्याच गुरुवारी संध्याकाळी दिपाली काकांची तब्येत विचारायला त्यांच्या घरी गेली होती. आरती आणि जेवण उरकून उद्धवराव गाढ झोपले होते. ओट्यावर बसून दिपालीनं सगळं सांगितलं. सावित्रीबाईंनी ऐकून घेतलं, तिला चहा दिला, जाताना थोडे कांदे पिशवीत घालून दिले, आणि नवऱ्याला त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढं सहा दिवस बोलल्या नाहीत. बुधवारी रात्रीचं जेवण वाढताना म्हणाल्या, "उद्यापास्नं गुरुवार मी धरणार. तुम्ही जेवायचं."

उद्धवरावांचा घास हातातच राहिला. "असं कुठं असतंय का? नवस मी बोललोय."

"बोललात तुम्ही. शेजारी मी हुभी होते. नारळ माझ्या पदरात होता."

"अगं पण गाडी मी चालवतो."

"चालवा की. देवाला उपास या घरातनं पाहिजे. तो कुणाच्या पोटातनं द्यायचा, ते आपण बघू." आणि मग पातेल्यावर झाकण ठेवत, "रस्त्याच्या कडंला पडलात, ते मला दुसऱ्याच्या लेकीनं येऊन सांगावं लागलं. ही काय रीत झाली?"

यातलं शेवटचं वाक्य उद्धवरावांना जास्त लागलं. हे सगळं मला सावित्रीबाईंनीच सांगितलं, नंतर कधीतरी, त्यांच्या घरी गेले होते तेव्हा. "मला काय, घरात बसून चहावर राहता येतंय," त्या म्हणाल्या. "ह्यांना देव सोडवंना आणि सायकल बी सोडवंना. मग मधी कुणीतरी पडायला पाहिजे का नको?"

त्या गुरुवारी त्यांनी धपाटे करून दिले, सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी. पुन्हा तोच रस्ता, रांजणगावपर्यंतच. शेलपिंपळगावच्या पुलावर दिपालीनं डबा उघडायला लावला. उद्धवरावांनी तुकडा मोडला, पण तो तोंडापर्यंत जाईना. वीस वर्षांची सवय हाताला होती. नदीकडे तोंड करून, टोपी काढून, त्यांनी काहीतरी पुटपुटलं आणि पहिला घास खाल्ला. मग दुसरा. मग दिपालीला विचारलं, "तुझ्यातला एक लाडू उरलाय का?"

येताना वारा होताच. या वेळी दिपाली काही बोलायच्या आधीच उद्धवराव तिच्या चाकामागं लागले. शिक्रापूरच्या चौकात एका ट्रकवाल्यानं ओळखून हाक मारली, त्यालाही त्यांनी हात केला. थोडं तिनं पुढं राहायचं, थोडं त्यांनी. मध्ये दिपालीनं थांबून उसाचा रस प्यायचं म्हटलं तर ते म्हणाले, "नगं. आरतीला पोचायचंय. ती तिकडं उपाशी हाय." आणि पोचले. सावित्रीबाई हार घेऊन दारात उभ्याच होत्या.

पण मनातली भीती एवढ्यानं जात नसते. शुक्रवारी उद्धवरावांनी बस इतकी सावकाश चालवली की आम्ही सगळ्यांनी उशिरा पंच केलं. शनिवारी मोशी चौकात सिग्नलला बस उभी असताना मागून एक स्कूटर येऊन बंपरला धडकली. स्कूटरवाल्याच्या दिव्याची काच फुटली, बाकी काही झालं नाही. तो मोबाइलवर बोलत होता. पण उद्धवराव खाली उतरले तेव्हा त्यांच्या तोंडाचा रंग उतरला होता. त्या दिवशी ते बसमध्ये बोलले नाहीत. घरी जाऊन म्हणाले, "बघ. एक गुरुवार झाला न्हाई तोवर."

सावित्रीबाई भाकरी थापत होत्या. "चूक कुणाची होती?"

"त्याची. मी तर हुभा होतो."

"मग त्यानं धरावा उपास," सावित्रीबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

उद्धवरावांनी हे आम्हाला सोमवारी सांगितलं आणि सांगता सांगता स्वतःच एवढे हसले की दोन सिग्नल आम्ही सगळे हसत होतो. तेव्हापासून त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

त्यानंतरचा एकही गुरुवार त्यांनी वाया घालवला नाही. काय शिकलात, असं मी विचारलं तर ते एकदम नीट सांगू लागले, जणू नव्या ड्रायव्हरला सांगतायत. भूक लागायच्या आधी खायचं, कारण लागल्यावर उशीर झालेला असतो. सकाळी जोर आला तर तो आपला का वाऱ्याचा, ते आधी बघायचं. दुखलं तर सांगायचं. आणि आपल्यापेक्षा लहान माणूस पुढं गेला तर जाऊ द्यायचं. "हे शेवटचं अजून पुरतं जमलेलं न्हाई," ते म्हणाले.

एप्रिलमधली दोनशेची राइड रविवारी होती. म्हणजे उपासाचा तिथं काही संबंधच नव्हता. हे आधी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. राइड सांगवीतून निघून सातारा रस्त्यानं खंबाटकी घाट ओलांडून सुरूरच्या पुढं जाऊन परत सांगवीत यायची होती. त्या दोघांनी त्या दिवसाची हक्काची रजा टाकली होती, मीही टाकली. पहाटे मी निरोप द्यायला सांगवीच्या मैदानावर गेले. महागड्या सायकली, चकचकीत बूट, त्यात उद्धवरावांची बक्षिसाची सायकल आणि मागच्या कॅरिअरला बांधलेला स्टीलचा डबा. एक-दोघांनी डब्याकडे बघून काहीतरी विचारलं. उद्धवरावांनी त्यांना धपाटे कसे करतात ते सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात सगळ्यांना सोडलं.

पुढचं दिपालीकडून कळलं. पहिल्या पाच मिनिटांत सगळे पुढं गेले आणि हे दोघं शेवटी राहिले. दिपालीचे पाय शिवशिवत होते, उद्धवराव म्हणत होते, "जाऊ दे त्यांना, नाष्ट्याला भेटतील." त्यातले बरेचजण खरंच नाष्ट्याला भेटले. खंबाटकीत उद्धवराव निम्म्या घाटात उतरले आणि सायकल हातात धरून चालत वर गेले. चालायला बंदी नसते. बसवाले ओळखीचे निघाले, त्यातल्या एकानं काच खाली करून "काय शिनगारे, डिझेल संपलं का?" असं विचारलं. सुरूरच्या पुढं शिक्का घेतला, झाडाखाली डबा संपवला.

परतताना खेड शिवापूरच्या जवळ दिपालीचं मागचं टायर बसलं. ट्यूब बदलली तर तीही पंक्चर निघाली. ती म्हणाली, "काका, तुमी व्हा पुढं. तुमचा टाइम जाईल."

उद्धवराव सायकल लावून खाली बसले. "मी तुझ्या भरवशावर आलोय. एकटा गेलो तर सोपानची बस येईल परत." ट्यूबला पॅच लावेपर्यंत त्यांनी तिच्यासाठी कुठूनतरी लिंबू सरबत आणलं आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका सायकलवाल्याचा चांगला पंप मिळवला.

संध्याकाळी मी मैदानावर होते. सोपानराव स्वतःच्या गाडीतून सावित्रीबाईंना घेऊन आला होता. अंधार पडायला लागला, एक एक दिवा आत येत होता, आणि हे दोघं दिसेनात. सोपानराव फाटकापर्यंत जाऊन येत होता. वेळ संपायला थोडीच मिनिटं असताना दोन दिवे एकामागोमाग आले. पुढं उद्धवराव होते, मागं दिपाली. दिपाली थकून गेली होती आणि शेवटचा सगळा वारा त्यांनी खाल्ला होता.

शिक्का झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दिपाली जमिनीवर आडवी पडून हसत होती. उद्धवराव सायकलवरून उतरायला लागले तर पाय वर येईना. सोपानरावानं सायकल धरली, मी खांदा दिला आणि आम्ही त्यांना उतरवून घेतलं. सावित्रीबाई पुढं आल्या. त्यांनी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं आणि त्यांची नजर त्या घट्ट, काळ्या सायकलच्या चड्डीवर थांबली.

"असल्या कपड्यात तुम्ही साताऱ्यापतोर जाऊन आलात?"

"सुरूरपतोर," उद्धवराव म्हणाले.

"तेच. औशाला हे घालून यायचं न्हाई, सांगून ठेवते." मग त्यांनी आपला पदर घेऊन त्यांच्या मानेवरचा घाम पुसला आणि पुसता पुसता तोंड दुसरीकडं वळवलं.

सोमवारी पहिल्या शिफ्टला बस सांगवीत वेळेवर आली. दार उघडलं, मी माझ्या जागेवर बसले. उद्धवराव नेहमीसारखे बोलत होते, सुरूरच्या चहाबद्दल. ड्रायव्हरच्या सीटवर एक जाड, फुलाफुलांची उशी होती. स्पीड ब्रेकर आला की त्यांचं वाक्य मध्येच तुटायचं, मग पुढं चालू व्हायचं. कुरुळी फाट्याला दिपाली चढली. ती बसली नाही. दांडा धरून महाळुंग्यापर्यंत उभीच राहिली.